पिशवी काढू नका, खाडा काढा

अश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होते आणि पुढच्या आठ-पंधरा दिवसांत आमच्या बीड जिल्ह्यातल्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. तीन महिने विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ऐकायला बसणाऱ्या बाया एके दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या, शेळी आणि लेकरं घेऊन बसलेल्या दिसतात. कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरला, कुणी साताऱ्याला, कुणी थेट बेळगावकडे. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. कारखान्याचा पट्टा लवकर पडला तर भीमजयंती घरी, नाहीतर ती पण फडातच.

आम्ही काही जणी नर्सिंगचा डिप्लोमा करून दहा-बारा वर्षे दवाखान्यात ड्यूटी केलेल्या आणि मग त्यातून बाहेर पडून वस्तीत काम करणाऱ्या आहोत. आमच्यासोबत दोन आशाताई आहेत, महिला मंडळाच्या बाया आहेत. गेली काही वर्षे हंगामात आम्ही या बायांच्या मागे त्यांच्या कोप्यांपर्यंत जातो. तिथे जे दिसले त्यावरून आमचे एक ठाम मत झाले आहे आणि ते या पानावर मांडायचे आहे. ऊसतोड करणाऱ्या बाईचा आजार तिच्या अडाणीपणामुळे वाढत नाही. तो खाड्यामुळे वाढतो.

खाडा म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो, पन्नास हजारांपासून लाखाच्या घरात. ती पुढच्या पाच-सहा महिन्यांत ऊस तोडून फेडायची. मध्ये एक दिवस कामावर आले नाही तर तो खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर पाचशे, कुठे कुठे हजार रुपये उचलीत वाढतात. ताप आला, खाडा. पाळीत उभे राहवेना, खाडा. लेकराला दवाखान्यात नेले, खाडा. आणि बाई बसली की नवऱ्याचाही दिवस बुडतो, कारण कोयता जोडीचा असतो.

आता या हिशोबात पाळीचे चार दिवस बसवून बघा. पहाटे चारला फडात जायचे, ऊस तोडायचा, साळायचा, बांधायचा, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. कोपीवर परतल्यावर स्वयंपाक. रात्री ट्रक आला तर पुन्हा उठून भरायचा. संडास नाही, आडोसा नाही, पाणी लांबून आणायचे. कपडा धुऊन उन्हात वाळवायला लाज वाटते म्हणून तो ओलाच पुन्हा वापरला जातो. मग अंगावरून पांढरे जाणे, खाज, ओटीपोटात दुखणे, लघवीला जळजळ. यातल्या बहुतेक तक्रारी जंतुसंसर्गाच्या असतात आणि गोळ्यांनी बऱ्या होतात. सरकारी दवाखान्यात त्यासाठी राखाडी, हिरव्या, पिवळ्या रंगांच्या तयार पाकिटांत औषधे मिळतात, फुकट. काही तक्रारींत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर आजार फिरून येतो. ही माहिती दवाखान्याच्या भिंतीवर नसते. आम्ही नोकरीत होतो तेव्हा आम्हीही ती प्रत्येकीला सांगत नव्हतो, हे कबूल करतो.

मग बाई गावी आल्यावर खासगीत जाते. सोनोग्राफी होते. 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' असे शब्द कानावर पडतात. ती घरी येऊन हिशोब करते. दर महिन्याला खाडे पडण्यापेक्षा आणि गोळ्या-इंजेक्शनांत पैसा घालण्यापेक्षा एकदाच कर्ज काढू, पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल. लेकरे झालेली असतात, नसबंदीचे ऑपरेशनही झालेले असते. 'आता तिचा उपयोग तरी काय, सिस्टर?' असे आम्हाला कितीतरी जणींनी विचारले आहे.

हे प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजले. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यात ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली, तेव्हा त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे जवळपास सहा बायांमागे एक. देशात १५ ते ४९ वयोगटातल्या बायांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्य चिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. हे चांगलेच झाले. पण परवानगीच्या कागदाने ऑपरेशन थांबते, ओटीपोटातले दुखणे थांबत नाही आणि खाडा तर मुळीच थांबत नाही. दुखणारी बाई तशीच फडात जाते.

काही डॉक्टर म्हणतात, 'आम्ही काय करणार, बाई स्वतःच मागते.' खरे आहे, मागते. पण तिला तीनच वाटा दाखवल्या गेल्या आहेत: दुखणे, खाडा नाहीतर ऑपरेशन. चौथी वाट, म्हणजे तपासणी, आठवड्याची औषधे आणि दोन दिवसांची भरपगारी विश्रांती, तिला कुणी दिलीच नाही. अशा स्थितीत घेतलेल्या अंगठ्याला आम्ही संमती मानत नाही.

एका ताईची गोष्ट सांगतो. वय एकतीस. पिशवी काढून चार वर्षे झालेली. मागच्या हंगामात कोपीवर आम्ही रक्तदाब मोजत होतो, तर ती बाजूला घेऊन म्हणाली, 'अंगातून वाफा निघतात, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, काळीज धडधड करतं. लेकरावर उगाच हात उगारला जातो, मग रडू येतं. मेलं तर बरं असं वाटतं.' घरच्यांनी तिला बाहेरची बाधा म्हणून दोन ठिकाणी नेऊन आणले होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेले घर, तरीही नेले. कुणाला हसू नका. जिथे उत्तर मिळत नाही तिथे माणूस असाच फिरतो.

तिच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद जपून ठेवलेला होता. आम्ही तो मोबाइलच्या उजेडात वाचला. इंग्रजीत लिहिले होते की गर्भाशय आणि दोन्ही अंडाशये काढली. अंडाशये काढली हे तिला चार वर्षांत कुणी सांगितलेच नव्हते. अंडाशये गेली की सत्ताविसाव्या वर्षी बाईची पाळी जाण्याची अवस्था येते, तीही एका रात्रीत. अंगातून वाफा, झोप उडणे, चिडचिड, मन खचणे, पुढे हाडे ठिसूळ होणे, हे सगळे त्यातून येते. यावर उपचार आहेत. हार्मोनच्या गोळ्या आहेत, त्या कुणाला द्यायच्या हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतात, कॅल्शियम आहे, मनाच्या डॉक्टरांची औषधे आहेत. तिला नुसते 'हे तुझ्या ऑपरेशनमुळे होतंय, तू येडी झाली नाहीस' एवढे सांगितले तर ती कितीतरी वेळ आमचा हात धरून बसली. नंतर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेले. त्या दिवसाचा खाडा पडलाच.

मनाच्या आजाराविषयी आपल्याकडे अजून दोनच टोके आहेत: एक तर 'टेन्शन घेऊ नको', नाहीतर थेट 'वेड'. मधले काही नाही. कोपीत आम्हाला जी दुःखे ऐकू येतात ती मधलीच असतात. घर बंद करून आलेल्या बाईला सासूजवळ ठेवलेल्या मुलीची काळजी खाते. ती वयात आली असेल तर जास्तच, म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिचे लग्न लावून दिले जाते, आणि तिचाही कोयता होतो. पुरुष अंगदुखी घालवायला प्यायला लागतो आणि मग सवय लागते. मुकादमाच्या शिव्या, उचल न फिटण्याची भीती. अनोळखी गावात रात्री अंधारात बाहेर जायची भीती. त्यात कुणी हात धरला, अंगचटीला आले, तर ती गोष्ट बाई नवऱ्यालाही सांगत नाही, कारण मार तिलाच बसतो. हे सगळे पोटात ठेवून ती दवाखान्यात येते आणि म्हणते, 'डोकं दुखतंय.' आपण डोकेदुखीची गोळी देतो.

म्हणून आम्ही आता रक्तदाब मोजताना दोन साधे प्रश्न विचारतो. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, हताश राहतंय का? जे आधी आवडायचं त्यात आता मन लागत नाही असं होतंय का? दोन्हींतल्या एकाला जरी 'हो' आले, तरी थांबून पुढचे विचारायचे. झोप, भूक, आणि जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारायचे. असे विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट जिच्या डोक्यात तो आधीच आहे तिला पहिल्यांदा कुणाजवळ तरी बोलता येते. हे प्रश्न विचारायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. आशाताई विचारू शकते, विहारातली शिकलेली मुलगी विचारू शकते. उत्तर 'हो' आले तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलीमानस ही फोनसेवाही सुरू आहे: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. हा नंबर घरात लिहून ठेवा. फक्त एवढे ध्यानात घ्या की कोयत्यामागे एकच मोबाइल असतो, तो नवऱ्याच्या खिशात असतो, आणि कोपीला भिंत नसते. नंबर देऊन आपली जबाबदारी संपत नाही. कुणीतरी तिला स्वतःचा फोन देऊन उसाच्या कडेला अर्धा तास एकटे बसू द्यावे लागते.

आरोग्यखात्याचे काय, असे तुम्ही विचाराल. खाते काहीच करत नाही असे आम्ही म्हणणार नाही, त्यात आमच्याच बहिणी राबतात. अडचण वेगळी आहे. आपली सगळी आरोग्यव्यवस्था हद्दीवर चालते. उपकेंद्राची हद्द, आशाताईची लोकसंख्या, गावाची यादी. गरोदर बाईची नोंद बीडच्या उपकेंद्रात होते आणि सातव्या महिन्यात ती कोल्हापूरच्या फडात असते. इथली नर्स तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिते आणि मोकळी होते. तिथली नर्स म्हणते, 'ही आमच्या यादीत नाही.' तिथल्या आशाताईला आपल्या गावातल्या बायांच्या कामाचा मोबदला मिळतो, या बाईसाठी पायपीट केली तर तिच्या पदरात काय पडेल, सांगता येत नाही. तिला दोष देऊन उपयोग नाही.

गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या किमान १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या संपल्या की पुढच्या कोण देणार? दिवाळीत जन्मलेल्या बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस फडातच द्यावी लागते. क्षयरोगाचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा आणि ऊसतोडीचा हंगामही तेवढाच. मध्ये औषध सुटले की आजार चिवट होतो. कागदावर यातले सगळे कुठेही मिळू शकते. माता-बाल कार्ड दाखवले की कोणत्याही सरकारी केंद्रात लस देतात, क्षयरोग्याची नोंद संगणकावर दुसऱ्या जिल्ह्यात वळवता येते. पण हे बाईला ठाऊक नसते, आणि कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत राहिलेले असते. आम्ही स्वतः वॉर्डात असताना अशा बायांवर ओरडलो आहोत. 'कार्ड कुठंय? आठवा महिना लागला, आतापर्यंत झोपली होतीस का?' ती खाली मान घालून उभी राहायची. आता त्या मानेची आठवण झाली की आम्हालाच खाली बघावे लागते.

रेशनचे धान्य आता अंगठा लावून परगावच्या दुकानातही मिळते. गव्हा-तांदळाला जमले ते गोळीला आणि लसीला का जमू नये?

शिबिरांबद्दलही एक सांगायचे आहे. आमचे पहिले शिबिर आम्ही एका कारखान्याच्या आवारात सकाळी अकराला लावले. बॅनर, खुर्च्या, पाहुण्यांना हार, सगळे होते. बाया नव्हत्या. त्या पहाटेच फडात गेल्या होत्या. दुपारपर्यंत आम्ही कारखान्याच्या कामगारांचीच साखर तपासत बसलो. पुढच्या वेळी संध्याकाळी सातला कोप्यांवर गेलो. चुली पेटलेल्या, भाकरी चालू. दोघींनी साडी धरून आडोसा केला आणि आत तपासणी केली. भाकरी थापता थापता बायांनी जे सांगितले ते कुठल्याही केसपेपरवर आले नसते. तेव्हापासून आमचा नियम आहे, तपासणी बाईच्या सवडीने. सरकारच्या फिरत्या पथकांनाही आमचे हेच सांगणे आहे. दहा ते पाचची गाडी पाठवू नका.

आता मूळ मुद्द्यावर, खाड्यावर येतो. बाळंतपणात बाईला सक्तीची विश्रांती आणि पैसे मिळाले पाहिजेत, ही मागणी नवी नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले होते. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा भार सरकारने व मालकानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पण कायदा कारखान्याच्या गेटपर्यंत आला आणि तिथेच थांबला. आत साखर बनवणारा कामगार आहे. बाहेर त्याच साखरेचा ऊस तोडणारी बाई कुणाचीच कामगार नाही. कारखाना म्हणतो, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणतो, कारखान्याला विचारा. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठीच होता, त्यामुळे बीडहून बेळगावला गेलेली बाई त्यात बसायची आणि कोल्हापूरला गेलेली बसत नव्हती. आम्ही फडात बाळंत झालेल्या बायांना आठव्या-दहाव्या दिवशी मोळी उचलताना पाहिले आहे. अशा बायांचे अंग पुढे बाहेर येते आणि मग त्याच दुखण्यासाठी पुन्हा पिशवी काढायचा सल्ला मिळतो.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आहे. कारखान्यांकडून गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये त्यासाठी घ्यायचे ठरले आहे. त्या पैशांतून मुलांची वसतिगृहे होतात, ती हवीतच. आमची मागणी त्याच्या जोडीला आहे. आजारपण, पाळी, गर्भपात, बाळंतपण आणि लेकराचा दवाखाना या दिवसांचा खाडा मुकादमाने लावायचा नाही आणि त्या दिवसांची मजुरी या निधीतून कोयत्याच्या खात्यात जमा करायची. पुरावा म्हणून सरकारी नर्सची किंवा आशाताईची चिठ्ठी पुरे. 'मग बाया रोज चिठ्ठ्या आणतील,' असे एका बैठकीत आम्हाला ऐकवले गेले. ज्या बाया दोन रुपयांच्या गोळीवर पाच महिने ढकलतात त्या चिठ्ठ्यांची चोरी करतील, हे ऐकून आमच्यातली एक बैठकीतून उठूनच गेली. पुढचे आम्ही बोललो, पण नीट बोलता आले नाही, रागच फार आला होता.

हे सरकारकडून होईल तेव्हा होईल, त्यासाठी मोर्चे, निवेदने चालू आहेत. आपल्या हातातले मात्र आपण करू शकतो. ऊसतोडीला फक्त आपलाच समाज जातो असे नाही. वंजारी, बंजारा, मराठा, सगळे एकाच फडात असतात आणि तपासणी सगळ्यांचीच करायची. पण आपल्याकडे दोन गोष्टी आहेत. एक विहार आणि दुसरी आपली दिनदर्शिका. आषाढ ते अश्विन हे तीन महिने या बाया गावात असतात आणि संध्याकाळी विहारात जमतात. भीमजयंतीच्या सुमारास परत आलेल्या असतात. हीच त्यांच्या तपासणीची वेळ. वर्षावासात आठवड्यातला एक दिवस ग्रंथवाचनानंतर नर्सताईला बोलवा. हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर, तीस वर्षांवरच्या बायांची गर्भाशयमुखाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि ते दोन प्रश्न. अंग बाहेर येण्याची सुरुवात असेल तर लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळायचा-सोडायचा व्यायाम शिकवा, तो मोळी बांधतानाही करता येतो. कुणाला कुठल्या डॉक्टरने पिशवी काढायला सांगितली असेल तर कागद घेऊन आधी सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, सोबत एक जण जा. आणि काढायचीच ठरली तर विचारा, अंडाशये ठेवणार की काढणार? उत्तर मराठीत घ्या.

आम्ही या वर्षावासात आमच्याकडच्या तीन विहारांत हे केले. प्रत्येक बाईचे एक जाड पुठ्ठ्याचे कार्ड केले, मराठीत. नाव, गाव, रक्तगट, चालू औषधे, झालेली ऑपरेशने, बाळाच्या लसींच्या तारखा, गरोदर असेल तर महिना. मागच्या बाजूला टेलीमानसचा नंबर आणि आमचा नंबर. खाली पाच रिकामे रकाने ठेवले आहेत. तिकडच्या नर्सने किंवा आशाताईने काय दिले, कधी दिले, ते लिहून सही करायची. कार्ड पाण्यात भिजते म्हणून प्लास्टिकचे पाकीट दिले, आणि ते पेटीत न ठेवता कोयत्याच्या पिशवीत ठेवायला सांगितले. सांगली-कोल्हापूर भागातल्या ज्या वाचकांच्या गावाशेजारी कोप्या पडतात त्यांनी एकदा संध्याकाळी तिकडे चक्कर मारावी, कार्ड बघायला मागावे आणि आपल्या आशाताईला सोबत न्यावे. जाताना पिण्याचे पाणी कुठून भरतात तेही बघून यावे, आणि कुणी अडवत असेल तर ग्रामपंचायतीत बोलावे.

परवा शेवटची ट्रॉली गेली. ती एकतीस वर्षांची ताईही गेली, उचल आधीच घेतली होती. गोळ्या दोन महिन्यांच्या दिल्या आहेत. पुढच्या तिकडूनच मिळाव्यात म्हणून तिथल्या रुग्णालयातल्या एका सिस्टरशी फोनवर बोलणे झाले आहे. १४ एप्रिलला कार्डे परत गोळा करणार आहोत. रकाने किती भरले ते त्या दिवशी मोजू आणि याच पानावर कळवू.